छाटणीचे दिवस

अंबडच्या आमच्या कारखान्याला शनिवारची सुट्टी,
मंजिरीच्या लॅबला रविवारची.
घरात सबंध सुट्टी अशी नसतेच,
दोन चतकोर शेजारी ठेवून भाकरी म्हणायचं, तसं.
पण यंदा घटस्थापनेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत
मी सहा रविवार मागून घेतले,
दुसऱ्यांच्या रात्रपाळ्या अंगावर घेऊन.
जुईने ते फ्रिजवरच्या कॅलेंडरात केशरी खडूने रंगवले,
चौकटीबाहेर जात जात,
त्यामुळे काही सोमवारही थोडे केशरी झाले.

पहिल्याला कालिकेची यात्रा.
पाळण्यात बसायचं म्हणून रडली,
बसल्यावर उतरायचं म्हणून.
दुसऱ्याला भोंडला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये.
पाटावरचा हत्ती मी काढला,
बाबांचा हत्ती डुकरासारखा झालाय, हे ती दारोदार सांगून आली,
आणि डबा उघडायच्या आत खिरापत फोडली:
मटकीची उसळ आहे, आईने तिखट केलीय.
तिसऱ्याला सकाळी सिन्नरला बारसं,
दुपारी ओझरला साखरपुडा,
रात्री गच्चीवर कोणाकडचं तरी उरलेलं मसाला दूध.
त्या दिवसातलं मला फक्त
गाडी कुठे लावली ते आठवतं.

चौथ्याला नांदूरमधमेश्वर.
गायधनींची दुर्बीण मागून आणलेली,
पक्ष्यांचं पुस्तक, थेपले, टोपी, दुसरी टोपी.
चांदोरीच्या पुढे टायर बसलं.
स्टेपनी काढली, तर तीही बसलेली.
पंक्चरवाल्याचा पोरगा दोन्ही चाकं मोटरसायकलवर घालून
येतोच म्हणाला, आणि गेला.

बांधापलीकडे द्राक्षाची बाग, नुकती छाटलेली.
ना पान ना घड, नुसत्या तारा आणि काड्या,
आणि मातीवर हिरवा कचरा, अजून ओला.
पेठकडच्या बायका हातात मोजे, तोंडाला फडकी बांधून
काडीकाडीला लाल ठिपके देत चाललेल्या.
बाबा, त्या झाडाला नेलपॉलिश लावतायत!
एक जण हसली, फडक्याआडून:
लांबून बघ बाय, औषध हाय.
डोळ्यांना लावतो. म्हंजे समदे एकदम जागे होतात.
वेलीला डोळे असतात?
मग! त्याबगर फुटंल कशी?

पावणेदोन तास.
मंजिरी बांधावर आडवी झाली
आणि खरोखर झोपली, तोंड उघडं टाकून.
एरवी ती दुपारची झोपत नाही,
झोपते हे मला माहीत नव्हतं.
जुई दुर्बीण उलटी धरून
वेलीचे डोळे मोजत होती,
एकशे दहापर्यंत, मग पुन्हा एकपासून,
कारण पुढचे आकडे तिला पटत नाहीत.
मी काही केलं नाही.
थेपले खाल्ले.

धरणावर पोचलो तेव्हा उन्हं उतरलेली.
पाणकोंबड्या दिसल्या.
त्या आमच्या नाल्यातही असतात.

पाचव्याला किल्ला.
माती नासर्डीच्या काठची, बुरूज मंजिरीचा,
उतारावर अळीव पेरले. मी हात धुऊन येतो
तर नेलपॉलिशची अख्खी बाटली तटावर ओतलेली:
उद्या सकाळी एकदम उठायला हवेत ना सगळे.
अळीव उठले, आपल्या वेळेने, तीन दिवसांनी.
मंजिरी मात्र आठवडाभर
रिकामी बाटली पाहिली की माझ्याकडे बघायची.

सहाव्याला कारखान्यात मशीन बंद पडलं.
सकाळी सातला फोन. गेलो.
परत आलो तेव्हा खालच्या मजल्यावर तुळशीचं लग्न लागून गेलेलं,
जिन्यात अक्षता, आणि जुई चुरमुऱ्यांच्या पिशवीसकट झोपलेली.
केशरी चौकट तशीच राहिली.
ती काही बोलली नाही,
तिने सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवारी सव्वासहाला उठेना.
व्हॅन येईल गं, पाणी तापलंय, डबा भरलाय.
डोळे घट्ट.
मग उशीतूनच म्हणाली: औषध लाव.
बोटाला अजून ग्रीसचा वास होता.
तसंच टेकवलं, एका पापणीवर, मग दुसऱ्या.
आता एकदम उघडायचे हं सगळे, म्हणालो.
सगळे म्हणजे दोनच तर आहेत, म्हणाली,
आणि एकच उघडला.